साधेपणाचा हिशेब : राजर्षी शाहू, जोतीराव आणि आपण

१)
२६ जून जवळ आला की आपल्या सर्वांच्या मोबाईलवर एकाच धर्तीच्या पोस्ट येऊ लागतात. शाहू महाराज किती साधे राहत, भाकरी किती आवडीने खात, शेतकऱ्याशेजारी कसे जमिनीवर बसत. आपण भारावून वाचतो, चार जणांना पाठवतो आणि संध्याकाळी मित्राच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची वर्गणी भरतो. आजच्या थ्रेडमध्ये मला एक मत मांडायचे आहे. महाराजांचा साधेपणा खरा होता, पण आपण तो चुकीच्या जागी शोधतो. अंगावरच्या कपड्यांपेक्षा तो त्यांच्या हिशेबवहीत अधिक स्पष्ट दिसतो. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचा.

२)
प्रथम थोडी पार्श्वभूमी. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव, जन्म २६ जून १८७४. १७ मार्च १८८४ रोजी दत्तकविधान होऊन ते करवीरचे छत्रपती शाहू झाले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, राज्यकारभार हाती आला. मेजर चार्ल्स मँट याने आराखडा केलेला नवा राजवाडा तोवर उभा राहिला होता. पुढे केंब्रिज विद्यापीठाची सन्माननीय पदवी आणि ब्रिटिश साम्राज्याचे मोठमोठे किताबही मिळाले. सांगायचे इतकेच की, त्या काळी हिंदुस्थानातील एखाद्या संस्थानिकाला जे जे उपभोगता येत होते, ते सर्व त्यांच्या हाताशी होते.

३)
हे आधी सांगण्याला कारण आहे. साधे राहणे ही निवड आहे आणि निवड करायला पर्याय असावा लागतो. आपल्या जिल्ह्यात दर हंगामात ऊसतोडीसाठी टोळ्या येतात. पाचटाच्या खोपीत राहणाऱ्या त्या बाईच्या जगण्याला कोणी ‘साधी राहणी’ म्हटले, तर ती तिची थट्टा होईल. तिच्यापुढे दुसरा पर्यायच नाही. म्हणून साधेपणाच्या कोणत्याही कथेला पहिला प्रश्न विचारावा : या माणसाला वेगळे जगता आले असते काय? शाहू महाराजांच्या बाबतीत उत्तर निःसंशय होकारार्थी आहे.

४)
आता एक अडचणीची बाब. आपल्या पोस्टमधून रंगवले जाते तसे महाराज विरक्त मुळीच नव्हते. शिकारीचा त्यांना जबर नाद होता. दरबारी चित्ते होते, त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते. दाजीपूरचे जंगल, जे आज राधानगरी अभयारण्यात मोडते, ते त्यांचे शिकारीचे रान होते. हत्तींच्या झुंजीसाठीची साठमारी कोल्हापुरात आजही दाखवतात. मल्लांना खुराक, उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गायकाला आश्रय, १९१२ मध्ये खासबाग मैदान, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह. हा सारा खर्च दरबाराचाच होता.

५)
साधेपणा म्हणजे कमीत कमी खर्च, अशी व्याख्या केली तर महाराज तिच्यात बसत नाहीत. तरीही ‘साधा राजा’ ही त्यांची प्रतिमा शंभर वर्षांनंतर टिकून आहे आणि ती उगाच टिकलेली नाही. खासबागच्या मैदानात एकदा जाऊन बसा. मधला आखाडा आणि भोवतालचे उतार अशा बेताने बांधले आहेत की शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसालाही कुस्ती नीट दिसावी. राजाचा शौक होता खरा, पण त्या शौकात खेड्यावरून चालत आलेल्या गड्यालाही बसायला जागा होती. खर्च किती केला यापेक्षा तो कोणाला सामावून घेत होता, हे पाहण्यासारखे आहे.

६)
आता वहीची पुढची पाने. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. ही यादी पुढे वाढत गेली आणि कोल्हापूरला ‘वसतिगृहांचे शहर’ म्हटले जाऊ लागले. खेड्यातल्या मुलाला शाळेची फी माफ झाली तरी शहरात राहायचे कोठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न उरतोच. महाराजांनी नेमका तो ओळखला होता. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा यांपैकी कोणत्या ना कोणत्या बोर्डिंगच्या पंगतीत जेवले आहेत.

७)
१९०२ चा उन्हाळा. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले होते. साम्राज्याचे सारे वैभव तेव्हा लंडनमध्ये एकवटले होते आणि हिंदी संस्थानिकांच्या रत्नांकडे व पोशाखांकडे साऱ्यांचे डोळे होते. त्याच दिवसांत, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर दरबाराच्या गॅझेटात एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला : यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांतून भराव्यात. समारंभात महाराजांनी कोणता पोशाख केला होता, याची आज आपणांस फिकीर नाही. तो जाहीरनामा मात्र स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात आहे.

८)
१९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. सक्ती करायची तर गावोगावी शाळा हव्यात, शिक्षक हवेत, त्यांचे पगार हवेत, तेही दर महिन्याला आणि वर्षानुवर्षे. एखाद्या समारंभावर उधळलेला पैसा एका संध्याकाळी डोळ्यांत भरतो. शिक्षकाच्या पगारावर गेलेला पैसा कोणालाच दिसत नाही. जो खर्च मिरवता येत नाही तो सातत्याने करत राहणे, हाही साधेपणाच आहे आणि बहुधा सर्वांत अवघड.

९)
राधानगरीचे उदाहरण याहून बोलके आहे. भोगावती नदीवरील धरणाचे काम महाराजांच्या हयातीत सुरू झाले, पुढे रखडले आणि पूर्ण झाले १९५७ मध्ये. तोवर त्यांच्या निधनाला पस्तीस वर्षे लोटली होती, संस्थानही विलीन झाले होते. आज पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आपण पंचगंगेच्या पातळीकडे डोळे लावून बसतो. उन्हाळ्यात त्याच पाण्यावर शिवारे हिरवी राहतात. ज्याचे फळ आपल्या डोळ्यांना दिसेल याची खात्री नाही, त्या कामात राजाने पैसा घातला. आपल्या हयातीत मिरवून घेण्याची हौस ज्याला आहे, तो असा खर्च सहसा करीत नाही.

१०)
आता चहाच्या पेल्याकडे येऊ. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत चाकरीला होते. पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांच्या पाठबळावर त्यांनी कोल्हापुरात ‘सत्यसुधारक’ नावाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? महाराज तेथे गाडी थांबवीत, चहा मागवीत आणि सोबतच्या मंडळींनाही देत. ही गोष्ट ‘महाराज किती साधे, टपरीवर चहा प्यायचे’ अशा थाटात फिरते तेव्हा मला वाईट वाटते. चहा साधा होता, पण तो पिणे साधे नव्हते. आपल्या आसनाचे वजन त्यांनी एका बहिष्कृत माणसाच्या धंद्यामागे भर रस्त्यात उभे केले होते.

११)
सोनतळीच्या मुक्कामाचेही तसेच. राजवाडा सोडून महाराज तेथे राहत, याचे वर्णन निसर्गप्रेम म्हणून केले जाते. पण सोनतळीला त्यांच्याभोवती कोण होते? गुन्हेगार ठरवून गावोगाव हुसकावले जाणारे फासेपारधी. त्यांना महाराजांनी चाकरीत घेतले, पहाऱ्याची कामे दिली. १९१८ मध्ये धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज शिकारीतील अपघातात गेले. तेव्हा विधवा झालेल्या कोवळ्या वयाच्या सुनेच्या, इंदुमती राणीसाहेबांच्या, शिक्षणाची व्यवस्थाही त्यांनी सोनतळीलाच केली. राजवाड्यातल्या चालीरीतींपासून दूर असलेली ही जागा त्यांना मोकळेपणाने काम करू देत होती.

१२)
येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हा पैसा महाराजांचा होताच कोठे? तो रयतेचा शेतसारा होता. रयतेचा पैसा रयतेवर खर्च केला, यात त्याग कोणता? मला हा आक्षेप मान्य आहे. म्हणूनच ‘दानशूर राजा’ हा शब्दप्रयोग मी टाळतो. पण मग प्रश्न अधिकच टोकदार होतो. राजाच्या अंगावरचे कापड जाडेभरडे की रेशमी, याने खजिन्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो खजिना कोणत्या दिशेला रिता होतो याने. हे नीट समजण्यासाठी एक उलटे उदाहरण पाहू. नाव वाचून काहींच्या भुवया उंचावतील.

१३)
औरंगजेब. वैयक्तिक राहणीपुरते पाहिले तर मोगल बादशहांत त्याच्याइतका साधा दुसरा सापडणे कठीण. टोप्या शिवून आणि कुराणाच्या नकला करून तो आपल्या खाजगी गरजेपुरते मिळवी, अशी परंपरागत कथा आहे. खुलताबादची त्याची कबर उघड्या आकाशाखाली आहे. ज्याच्या बापाने ताजमहाल बांधला, त्याची ही कबर! पण हाच बादशहा १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघाला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरेपर्यंत परतला नाही. पंचवीस वर्षे एक अवाढव्य छावणी या मुलखात फिरत राहिली. १७०१ मध्ये आपल्या पन्हाळ्यालाही तिचा वेढा पडला.

१४)
त्या छावणीचे दाणापाणी, वैरण आणि पैसा कोठून येत होता? उत्तरेच्या खजिन्यातून आणि दख्खनच्या शिवारांतून. खाजगी खर्चात टोपीच्या किमतीएवढी काटकसर आणि मोहिमेवर साम्राज्याचा कणा मोडेल इतका व्यय, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी सुखाने नांदू शकतात. शासकाचा वैयक्तिक साधेपणा हा त्याच्या कारभाराचा पुरावा होत नाही, हा धडा येथून घ्यावा. मग तो शासक आपला असो वा परका, तेव्हाचा असो वा आजचा. साधेपणाच्या कथेला दुसरा प्रश्न त्यातून मिळतो : वाचलेले कोठे गेले?

१५)
आता कोल्हापूरहून पुण्याला जाऊ, कारण शाहू महाराजांनी ज्या विचाराला राजाश्रय दिला त्याचे मूळ तेथे आहे. जोतीराव फुले यांना आपण शिक्षक व समाजसुधारक म्हणून ओळखतो. ते बांधकामाचे कंत्राटदारही होते, हे अनेकांना ठाऊक नसते. खडकवासला धरणासारख्या कामांशी त्यांचा व्यवसाय जोडलेला होता. १८७६ ते १८८३ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा विरोधात उभे राहिले ते एकटे जोतीराव. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, हे त्यांचे म्हणणे होते.

१६)
१८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. जमलेले प्रतिष्ठित लोक उंची पोशाखात. जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेषात, आणि राणीच्या या पुत्राला त्यांनी सांगितले की हिंदुस्थानची खरी रयत या मेजवानीत जमलेल्यांसारखी दिसत नाही. चांगला अंगरखा घेण्याची ऐपत त्यांना होती. त्या दिवशी फाटका वेष हे त्यांचे निवेदनपत्र होते. येथे कपड्याला अर्थ आहे, कारण त्यामागे मागणी आहे. मागणीविना फाटका वेष हे नुसते सोंग झाले असते.

१७)
सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची. त्याच्या कमी खर्चाच्या, पुरोहिताविना लावलेल्या लग्नांकडे आपण केवळ धार्मिक बंड म्हणून पाहतो. पण त्यात शेतकऱ्याचा जमाखर्चही होता. लग्नासाठी सावकाराकडे जाणारा कुणबी पुढे जमिनीला मुकतो, हे जोतीराव जवळून पाहत होते. साधे लग्न म्हणजे जमीन वाचवण्याचा उपाय. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज सुरू झाला आणि त्याला महाराजांचे पाठबळ लाभले. म्हणजे आपल्या शहरात साध्या लग्नाचा विचार येऊन शतक उलटून गेले आहे.

१८)
आपल्याच जिल्ह्यातील आणखी एक घर पाहू. भाऊराव पाटील, जन्म १८८७, कुंभोज. कोल्हापूरला शिकायला होते, जैन बोर्डिंगमध्ये राहिले आणि शाहू महाराजांचा सहवासही त्यांना लाभला. पुढे १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली. साताऱ्यातील वसतिगृहाला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचेच नाव दिले गेले. खादी, वाढलेली दाढी, अनवाणी पाय ही भाऊरावांची छबी आपल्या डोळ्यांसमोर आहे. पण वसतिगृहातील मुलांच्या पोटात अन्न पडावे म्हणून दागिने विकले ते लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या पत्नीने. शेवटी मंगळसूत्रदेखील.

१९)
लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या. संस्थेचा विस्तार त्यांना पाहता आला नाही. त्यांनी हे सर्व मनापासून केले, याविषयी मला शंका नाही. निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका चुलीवर जेवू घालण्याचे काम मन नसताना होत नाही. तरीही इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तिसरा प्रश्न मला येथेच सुचतो : किंमत कोणी मोजली? घरातील एकाने साधेपणाचे व्रत घ्यावे आणि त्याचा भार दुसऱ्याने निमूटपणे वाहावा, असे आपल्या चरित्रग्रंथांत वारंवार घडते. व्रत घेणाऱ्याचा पुतळा उभा राहतो आणि भार वाहणारी एखाद्या परिच्छेदात आटोपते.

२०)
आता थोडे स्वतःविषयी, कारण हे तीन प्रश्न मी ग्रंथालयात बसून शोधलेले नाहीत. आमचे गाव करवीर तालुक्यातले. जमीन पावणेदोन एकर, ऊस. काही वर्षांपूर्वी ताईचे लग्न झाले. सासरच्या मंडळींनी काहीही मागितले नव्हते, हे मुद्दाम सांगतो. तरी कार्यालय, मंडप, दोन गावांचे जेवण, वाजंत्री आणि आहेर असे सारे झाले. पुढची तीन वर्षे उसाचे बिल आले की आधी त्या कर्जाचा हप्ता जाई. मी आबांना विचारले होते, “एवढं कशाला?” ते म्हणाले, “पोरीच्या लग्नात हात आखडला म्हणतील की लोकं.”

२१)
त्या वाक्यावर मला राग धरता येत नाही. ज्याला चारचौघांत पत आहे, तो साधे लग्न करतो तेव्हा लोक ‘आदर्श विवाह’ म्हणून कौतुक करतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. पावणेदोन एकरवाला तेच करतो तेव्हा ‘ऐपत नव्हती’ म्हणतात. साधेपणाची प्रतिष्ठा श्रीमंताला मिळते, गरिबाला मिळत नाही. म्हणूनच सुरुवात करायची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांचीच. गावातला कारखान्याचा संचालक, मोठा बागायतदार, ठेकेदार यांनी हात आवरला की माझ्या आबांसारख्यांची सुटका होते. वरचा माणूस जे करतो ती खालच्याची सक्ती बनते. शाहू महाराज गंगारामांच्या हॉटेलात चहा पीत, त्यामागे हेच ज्ञान होते.

२२)
आपल्या पिढीत साधेपणाची एक नवी तऱ्हाही आली आहे. मोकळी पांढरी भिंत, मोजके फर्निचर, दहा हजारांचा हातमागाचा कुर्ता, आणि त्या सगळ्याची रील. त्यात वाईट काही नाही, ती एक आवड आहे. पण तिला महाराजांच्या वारशाशी जोडू नये. जेथे वाचलेले कोणाच्याही ताटात, वहीत वा शिवारात पोहोचत नाही, तेथे फक्त सजावट बदललेली असते. उलट एखाद्याने घर हौसेने सजवले, कुस्तीवर वा गाण्यावर मनसोक्त खर्च केला आणि दोन मुलांच्या वसतिगृहाची फीही भरली, तर तो महाराजांच्या अधिक जवळचा.

२३)
‘राजर्षी’ ही पदवी महाराजांना कोणी दिली, ठाऊक आहे? एप्रिल १९१९ मध्ये कानपूरला भरलेल्या कुर्मी क्षत्रिय परिषदेने. कुर्मी हा तिकडचा शेती करणारा समाज. ऋषी म्हणजे सर्वसंगपरित्याग केलेला, असा अर्थ त्यांना अभिप्रेत असता तर चित्ते बाळगणाऱ्या राजाला तो शब्द त्यांनी लावला नसता. सत्ता सोडून वनात जाणारा राजा त्यांना नको होता. सत्तेवर बसून ती आपल्यासारख्यांच्या कामी लावणारा राजा त्यांना ऋषितुल्य वाटला.

२४)
६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत निवर्तले, वय अवघे सत्तेचाळीस. त्या घटनेला शंभर वर्षे झाली तेव्हा, ६ मे २०२२ रोजी, सारे कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. मीही त्या गर्दीत होतो. रिक्षा थांबल्या होत्या, दुकानदार पायरीवर उभे होते. ते शंभर सेकंद मला अजूनही आठवतात. पण शंभर सेकंद उभे राहणे सोपे असते. आमच्या घरी आता धाकट्याचे लग्न ठरते आहे. आबांशी मी बोललो आहे. कार्यक्रम दारातच करायचा आणि वाचतील त्या पैशांतून चुलतबहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला हातभार लावायचा, असे मी सुचवले आहे. आबा अद्याप हो म्हणालेले नाहीत. पण या वेळी नाहीही म्हणालेले नाहीत.

२५)
तेव्हा पुढच्या २६ जूनला एखादी कथा पाठवण्यापूर्वी तिला तीन प्रश्न विचारा. वेगळे जगता आले असते काय? वाचलेले कोठे गेले? किंमत कोणी मोजली? आणि जमल्यास हेच तीन प्रश्न आपल्या घरातल्या पुढच्या कार्याला विचारा. माझ्या मांडणीत काही तपशील चुकला असेल तर अवश्य दाखवून द्या, दुरुस्ती करीन. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहून शिकले असेल, तर त्यांची आठवण खाली लिहा. अशा आठवणींतून हा इतिहास अजून भरायचा आहे.

थ्रेड समाप्त.